एकटीने परदेशी जाताना घ्यायची (घरच्यांची) काळजी

साठीला टेकल्यावर एकटीनेच पोर्तुगालमधलं लिस्बन बघून यायची अवदसा आठवली असेल, तर काकू, आधी ही बातमी घरात कधी फोडायची ते ठरवा. मॅच चालू असताना सांगाल तर ‘हं’ म्हणतील आणि विमानतळावर निघताना विचारतील, ‘मला कधी बोललीस?’ जेवताना सांगू नये. ठसका लागतो.

पहिला प्रश्न येईल, ‘एकटी?’ मग ‘या वयात?’ आणि मग सुरक्षितता. इथे वाद घालू नका. लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही न्यू जर्सीला एकट्याच गेला होतात, हे तर चुकूनही काढू नका. मध्यरात्रीचं विमान, फ्रँकफर्टला बदली, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. त्यानंतर सहा महिने परक्या देशात मुक्काम. तेव्हा तुमचं वय कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, गुडघेही ठणठणीत होते. परदेश बाईला धोक्याचा होतो तो तिथे स्वयंपाक करायचा नसेल तरच. युरोपातले पाकीटमार म्हणे आधी चौकशी करतात, बाई कामाला आलीय की भटकायला.

त्यामुळे उत्तम उपाय म्हणजे लिस्बनमध्ये एखादं बाळंतपण शोधणं. मावसबहिणीच्या नणंदेची सून चालेल. ‘तिच्याजवळ कुणीच नाही हो’ एवढं म्हटलंत की तिकीट काढायला घरचेच धावतील.

बाळंतपण नाहीच मिळालं तर कागदपत्रांकडे वळा. सरकारने २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची अट काढून टाकली. सरकारला कळत नाही, घरच्यांना कळतं. पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात आजारपण येतं, अपघात येतो, वेळ पडली तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही येतो. ‘कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?’ हे मात्र कुठलीच कंपनी कव्हर करत नाही.

म्हणून जायच्या आधीचा पंधरवडा लिस्बनच्या नकाशावर वाया न घालवता घराचा नकाशा काढण्यात घालवा. हिंगाची डबी, गॅसचा नंबर, इस्त्रीवाल्याचा हिशेब, बीपीची गोळी जेवणाआधीची कोणती नि नंतरची कोणती. फ्रीजवर चिठ्ठी लावा. तीच चिठ्ठी फॅमिली ग्रुपवर टाका. तिचाच फोटो काढून ह्यांच्या फोनमध्ये ठेवा. तरीही लिस्बनच्या बेलेम मनोऱ्यासमोर उभ्या असताना फोन येईल, ‘ती चिठ्ठी कुठेय?’

दहा दिवसांच्या पोळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात का? अवश्य. तुमच्या अनुपस्थितीत पिठाची गिरणी बंद पडते, पोळीवाल्या बाई गावाला जातात आणि फोनवरच्या अॅपवरून जेवण मागवणाऱ्या मुलाच्या बोटांना लकवा होतो.

सामानात साजूक तूप नको, युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलकट खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाले ते बाहेर काढतात. तुम्ही स्वतः पेट घेऊ शकता याची कुणाला शंका येत नाही, तोवर निघा.

पैशांचं म्हणाल, तर टूर कंपनीचा जाहिरातीतला आकडा दोघांनी एक खोली वाटून घेण्याचा असतो. एकटीला खोली हवी असेल तर जास्त पैसे पडतात. टॉवेल एकच वापरायचा, घोरणारं कुणी नाही, रात्री दिवा कधी घालवायचा ते आपण ठरवायचं. एवढं सुख फुकट कसं मिळेल? निमूटपणे भरा.

नातेवाइकांपैकी एक काका आनंदीबाई जोशींचा फॉरवर्ड न चुकता पाठवतात. १८८३ साली, १८ व्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या बोटीने अमेरिकेला गेल्या, पुढे डॉक्टर झाल्या, केवढा अभिमान! तुमचा बेत ऐकून पहिला फोन त्यांचाच येईल, ‘वहिनी, जग फार बदललंय हो.’ त्यांना हात जोडलेला इमोजी पाठवावा.

तिकडून फोटो टाकताना तारतम्य ठेवा. चर्च चालेल, ट्राम चालेल. तेजो नदीकाठी एकट्याच कॉफी पीत, पाय पसरून हसताय असा फोटो नको, त्यावर ‘कुणी काढला?’ हा प्रश्न ठरलेला आहे.

परत आल्यावर पडेल चेहऱ्याने सांगा, ‘खूप चढ आहेत, जेवणात राम नाही, आपलंच बरं.’ खरं बोललात तर पुढच्या वर्षी ह्यांनाही यावंसं वाटेल, ‘खोलीचे पैसे तरी वाचतील.’ तेव्हा काळजीने त्यांचा हात हातात घ्यावा आणि विचारावं, ‘अहो, पण या वयात?’