निघ बे फुकट्या!

धोंड्याचा महिना, जावई आलेले, अनारसे झाले, ताट झालं, वाण झालं, सगळं नीट पार पडलं. जेवण करून जावई मागच्या अंगणात हात धुवायला गेले आणि तुराट्यांच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "हाड्! निघ बे इथून फुकट्या! निघतो का हाणू गोटा?"

जावई आमचे नागपूरचे, बँकेतले, सभ्य माणूस. ओल्या हातानंच आत आले आणि पोरीला हळूच म्हणाले, आपण चारच्या गाडीनं निघू.

तो आवाज शेजाऱ्याच्या मशीनचा होता. वांदरं हाकलायचं मशीन, म्हणजे एक डबा, एक बॅटरी, एक भोंगा आणि आत मेमरी कार्ड. बाजारात मिळतं तेव्हा त्यात वाघाची डरकाळी, कुत्र्याचं भुंकणं, फटाके असं भरलेलं असतं. ते आमच्या शेजाऱ्याला कमी वाटलं. त्याचं म्हणणं, इकडच्या वांदरांनी वाघ पाहिलेलाच नाही तर भितील कशाला, त्यांना ओळखीचा आवाज पाहिजे. म्हणून त्यानं स्वतःच्या आवाजात शिव्या भरल्या. त्यातली फुकट्या ही सगळ्यात सात्विक, बाकीच्या मी इथं लिहीत नाही, पण आमच्या घरी त्या सगळ्यांना क्रमानं पाठ आहेत आणि माझा साडेतीन वर्षांचा नातू त्या बोबड्या म्हणतो.

वांदरांचा त्रास आहे, हे मला मान्य आहे. आमच्या चांदूर बाजार तालुक्यात कोणालाही विचारा. जांबाला, म्हणजे पेरूला, फुल धरलं की टोळी हजर, शेवग्याची फांदी मोडणार, कवेलू फोडणार, वाळत घातलेल्या कुरड्या नेणार. पण मशीन लागल्यापासून झालं काय, तर वांदरं शेजाऱ्याच्या जांबावरून उठतात आणि माझ्या जांबावर येऊन बसतात. म्हणजे शिव्याही मीच खायच्या आणि जांबही माझेच जायचे.

आता रात्रीचं सांगतो. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत घरात झोपणं शक्य नाही, कुलर दमट हवा फेकतो, म्हणून खाट अंगणात. आणि वांदर हा प्राणी रात्री हिंडत नाही, अंधार पडला की झाडावर बसून झोपतो, हे गावातल्या लहान पोराला माहीत आहे. तरी मशीन रात्रभर चालू. मी विचारलं शेजाऱ्याला, बाबा रे, रात्री तरी बंद ठेव. तर म्हणे, "गुर्जी, बंद करासाठी मी घरी तं पाह्यजे ना! मी तं जागलीले असतो वावरात." त्याचा उन्हाळी भुईमूग आहे, रानडुकरं येतात, म्हणून हा रोज रात्री वावरात मचाणावर. मी म्हटलं, मग जाताना बटण बंद करून जा. "वा! अन् मी नसताना घर कोन राखन?"

माझा भाचा सांगत होता, कोंबडा बांग देताना त्याचा स्वतःचा कान आतून झाकला जातो, म्हणून शंभर डेसिबलच्या वर ओरडूनही तो बहिरा होत नाही. देवानं कोंबड्याला जी सोय दिली तीच आमच्या शेजाऱ्याला जागलीच्या रूपानं दिली आहे.

माझा राग नेमका कशाचा आहे तर याचा. त्याची बकरी माझ्या वांग्यात आली असती तर मी ती सरळ कोंडवाड्यात नेऊन घातली असती, त्यानं दंड भरून सोडवली असती, आणि गावात कोणी मला कजाग म्हटलं नसतं. आवाज रोज येतो, खाटेपर्यंत येतो, आणि त्याबद्दल बोललं की मीच किरकिऱ्या. "आवाजच तं हाये गुर्जी, काही नेते थोडीच." झोप नेतो ना बाबा!

शेवटी प्रकरण अध्यक्षांकडं गेलं. हे तंटामुक्तीचे माजी अध्यक्ष. २००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा हे नेमले गेले, नंतर समित्या बदलल्या पण यांना माजी झाल्याचं कोणी कळवलं नसावं. आले ते खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाईल आणि मागे तीनचार पोट्टे विनाकारण. आधी माझ्याकडं चहा घेतला. मग शेजाऱ्याकडंही घेतला, कारण पंचानं एकाच बाजूचा चहा पिऊन चालत नाही. मग कुंपणाच्या तुराट्या दोन्ही हातांनी फाकवून मधोमध उभे राहिले, एक पाय माझ्या वांग्याच्या वाफ्यात, दुसरा त्याच्या जांबाखाली.

"हं गुर्जी, कायदा काय म्हन्ते?"

मी तयारीत होतो. सांगितलं, २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि मर्यादेच्या वर दहा डेसिबल गेलं की तक्रार करता येते.

"बराबर. मंग मोजा लागते." त्यांनी मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं, हात वर केला आणि ओरडले, "चूप बसा रे साऱ्यायनं!" आकडा गेला ८१ वर. तो त्यांनी पोट्ट्याकडून वहीत लिहून घेतला.

"अध्यक्ष, हा तुमचा आवाज आहे."

"माहा म्हन्जे गावाचा. तो धरा लागते."

खोडून घेतलं मोठ्या मुश्किलीनं. मग आम्ही मशीनची वाट पाहत उन्हात उभे. आणि मशीन चूप. जे मशीन माझ्या जावयासमोर क्षणभर थांबलं नाही ते पंचासमोर चूप! शेजाऱ्यानं उघडून पाहिलं, बॅटरी उतरली होती. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "काही हरकत नाही. आवाज कोनाचा हाये? याचाच ना? मंग तूच म्हन ना बे."

शेजारी लाजला. खरंच लाजला. रोज हजार शिव्या देणारा हा माणूस, समोर अध्यक्ष, मी, माझी बायको, त्याची बायको आणि पोट्टे पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दुपट्ट्यानं घाम पुसला, माझ्याकडं न पाहता हात जोडले आणि कसाबसा म्हणाला, "निघा जी इथून."

"बावन्न!" अध्यक्षांनी मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवला. "पाहा गुर्जी, पंचावनच्या आत हाये. कायद्यात बसते."

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात वरून एक मोठं वांदर उतरलं, शांतपणे चालत आलं आणि भोंग्यावरच बसलं. शेपटी लोंबती सोडून शेजाऱ्याचाच जांब खाऊ लागलं. अध्यक्षांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"हे तं भेतच नाही."

"तेच तर सांगतोय! रोज तेच तेच ऐकून त्यांना सवय झाली. त्याचा उपयोगच नाही."

"म्हन्जे मशीन बिनकामाचं. मंग बिनकामाच्या वस्तूचा तंटा कायचा?" आणि वहीत लिहायला लावलं, तंटा मिटला. मला सही करायला सांगितली. मी केली नाही. शेजाऱ्यानं केली, अंगठ्यासारखी मोठी, आणि अध्यक्ष जाताना त्याला बाजूला घेऊन विचारत होते, हे मेमरी कार्ड कॉपी करून मिळन काय, माह्या संत्र्यात लय डुकरं येऊन रायले.

भाच्याला फोन केला, तो अमरावतीला बांधकामात आहे. मी म्हटलं कुंपणाला बांबू लावतो दाट, मेंदीही लावतो. म्हणे मामा, झाडांच्या एकदोन ओळींनी आवाज अडत नाही, भोंगा दिसणार नाही एवढंच. भरीव भिंत पाहिजे, विटांची, मधे फट नको, आणि भोंग्यापासून तुमच्या खाटेपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती भिंतीनं तुटली पाहिजे. आमच्या कुंपणात तुराट्या कमी आणि फटी जास्त. ठीक, भिंत बांधतो म्हटलं. तर शेजारी लगेच हजर, गुर्जी भिंत बांधा, पण हात दीड हात तुमच्याकडं सरकून बांधा, कारण कुंपण मुळात माह्या जागेत हाये. झालं! इतकी वर्षं कोणाला हद्दीची आठवण नव्हती. आता ड्रोननं गावठाण मोजलं ते प्रॉपर्टी कार्ड काढा, मोजणी आणा, नकाशा आणा. मला झोप पाहिजे होती आणि माझ्या हातात आता भूमी अभिलेखचा अर्ज आहे.

एक सुधारणा मात्र झाली. अध्यक्षांच्या निकालाचा शेजाऱ्यानं मान राखला आणि रेकॉर्डिंग बदललं. आता फुकट्या नाही, गोटा नाही. आता रात्री साडेबारालाही भोंगा त्याच जोरात म्हणतो, "निघा ना राजेहो! निघा जी इथून!" बायको म्हणते, चला, भाषा तरी सुधारली.

परवा शेजारी कुंपणाशी आला. नवी बॅटरी घ्या लागते म्हणे, अन् वांदरं तुमच्याबी जांबावरून पळतेत तं अर्धे पैसे तुम्ही द्या. पळत नाहीत, बसतात, हे मी त्याला बोट करून दाखवलं, दोन बसलेलीच होती. तरी मी म्हटलं चल, देतो अर्धे, पण रात्री बटण माझ्या ताब्यात राहील.

"असं कसं गुर्जी," तो म्हणाला, "मशीन तं माही हाये ना."