परकीय हात नेमका कुणाच्या खांद्यावर?

मागच्या रविवारी फोनवर मामा चांगलाच तापला होता. विषय जैतापूरचा अणुवीज प्रकल्प. मामा डोंबिवलीला असतो, आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात, त्यामुळे हा विषय घरात निघतोच. त्याचं म्हणणं असं की जपान बघ, एवढं फुकुशिमा होऊनही परत अणुभट्ट्या सुरू करतोय आणि आपल्याकडे चार माणसं झेंडे घेऊन उभी राहिली की प्रकल्प अडतो, सगळे बाहेरच्या पैशावर नाचणारे, तू तर तिथेच राहतेस, तूच सांग. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

मार्च 2011 मधे फुकुशिमाच्या अणुवीज प्लँटचा अपघात झाला तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. आम्ही तेव्हाही टोकियोत निशी-कासाईलाच राहायचो. 23 तारखेला बातमी आली की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन सापडलंय, लिटरला 210 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), आणि तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 ची, म्हणजे दुधाची पावडर कालवायला नळाचं पाणी वापरू नका. खाली दुकानात गेले तर पाण्याचं शेल्फ रिकामं. घरात दोन लिटरची एकच बाटली होती, तिच्यावर पेनाने खुणा केल्या, एका खुणेत एक दूध, आणि ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाळामागे 550 मिलीच्या तीन बाटल्या वाटल्या, मी रांगेत उभी होते, कुणी काही बोलत नव्हतं. त्याच दिवशी प्रमाण खाली आलं नि सूचना मागे घेतली. पण प्लँट आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब होता हे मी विसरू शकत नाही. आणि दुसरी गोष्ट मला नंतर कळली, तिथली वीज तिथल्या लोकांसाठी नव्हतीच, ती यायची आम्हा टोकियोवाल्यांना, फुकुशिमाच्या घरांतले दिवे दुसऱ्याच कंपनीच्या विजेवर चालायचे.

आता मामाच्या परकीय हाताकडे येते.

2012 च्या उन्हाळ्यात जपान सरकारने लोकांना विचारलं की 2030 मधे अणुवीज किती हवी, शून्य, 15 टक्के की 20 ते 25. जवळपास 89 हजार लेखी मतं आली आणि त्यातली 87 टक्के शून्य म्हणणारी. दर शुक्रवारी संध्याकाळी पंतप्रधानांच्या ऑफिससमोर गर्दी, मी पण दोनदा गेले मुलीला बाबागाडीत घालून, ऑफिसमधून थेट आलेली माणसं, टाय सैल केलेली, एका आजींनी आपला पंखा मुलीच्या हातात दिला नि परत घेतलाच नाही. ऑगस्टच्या मध्यावर वॉशिंग्टनमधून आर्मिटेज आणि नाय या अमेरिकन सरकारच्या दोन माजी अधिकाऱ्यांचा रिपोर्ट आला, जपानला पहिल्या फळीतला देश राहायचंय का असा सरळ सवाल, आणि अणुवीज सोडू नका असा सल्ला. तरी 14 सप्टेंबरला पंतप्रधान नोदांच्या सरकारने 2030 च्या दशकात शून्यावर यायचं धोरण जाहीर केलं. ते समजवायला त्याच सुमारास पंतप्रधानांचे सल्लागार वॉशिंग्टनला गेले, तिथे काळजी व्यक्त झाली, वापरलेल्या इंधनातून काढलेला प्लुटोनियम साठवून काय करणार हाही प्रश्न होताच. 19 तारखेला मंत्रिमंडळाने ते धोरण मंजूर केलंच नाही, फक्त लक्षात घेऊन पुढची पावलं टाकू एवढंच म्हटलं. पाच दिवसांत!

सगळं अमेरिकेनेच केलं असं मी म्हणत नाही. उद्योगपतींच्या संघटनेचा दबाव होता, वापरलेलं इंधन जिथे साठवलंय तो आओमोरी प्रांत म्हणत होता की इंधनावर प्रक्रिया करणार नसाल तर साठवलेलं इंधन परत न्या. आणि भट्ट्या बंद असताना गॅस आयातीचा खर्च प्रचंड वाढला, बिलं वाढली, ती मी भरलीत. पण परकीय दबाव कुठल्या बाजूने आला ते बघ ना मामा.

आणि हे 2012 चंच नाही. 1 मार्च 1954 ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवर 23 जण होते, त्यानंतर टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेला देशभरातून तीन कोटींच्या वर सह्या मिळाल्या. त्याच काळात योमिउरी पेपरचे मालक शोरिकी अणुऊर्जेचा प्रचार करत होते, 1955 ला हिबिया पार्कात अमेरिकन सरकारच्या साथीने प्रदर्शन भरवलं, 1956 ला अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे अमेरिकेच्या अभिलेखागारात त्यांच्यावरची सीआयएची फाईल मिळाली, कोडनाव पोडॅम.

आपल्याकडे मात्र परकीय हात हा शब्द नेहमी विरोध करणाऱ्यांनाच चिकटतो. 2012 मधे मनमोहन सिंगांनी तामिळनाडूतल्या कुडनकुलमच्या अणुवीजविरोधी आंदोलनामागे अमेरिकन एनजीओ आहेत म्हटलं, तिथले मच्छीमार काय म्हणतायत ते बाजूलाच. आणि जैतापूरच्या सहा भट्ट्या, 9900 मेगावॅट, त्या तर फ्रान्सच्या. तारापूरच्या पहिल्या दोन अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच घराण्यातल्या. जैतापूर प्रकल्पाच्या जागेवर, माडबनच्या सड्यावर, सरकारी कागदात नापीक लिहिलेल्या जमिनीत लोकांची आंब्याची कलमं होती, ती कलमं लावायला कुठल्या परदेशी संस्थेने पैसे दिले होते?

जपान परत सुरू करतोय हे खरं आहे, 2025 च्या नव्या धोरणातून अणुवीज शक्य तेवढी कमी करू हे वाक्यच काढून टाकलं. पण ते कसं होतंय तेही सांगायला हवं. निगाताच्या काशिवाझाकी-कारिवा प्लँटची वीजही टोकियोलाच येते, म्हणजे माझ्याच घरी. तिथल्या 1 लाख 40 हजारांहून जास्त लोकांनी सह्या करून सार्वमत मागितलं आणि प्रांताच्या विधानसभेने एप्रिल 2025 मधे ते फेटाळलं. मी अणुवीज नकोच असं हट्टाने म्हणत नाहीये. ज्यांच्या दारात भट्टी येणार त्यांना विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर मला काही म्हणायचं नाही.

मे महिन्यात मी येतेय. मामा, तू डोंबिवलीहून ये, आपण दोघं प्रकल्पाजवळच्या नाटे गावात जाऊ, सकाळी बंदरावर बोटी लागतात तेव्हा. तिथल्या माणसांसमोर बसून तूच विचार, पैसे कुठून आले ते.