प्रार्थना विनंतीतून ग्राहक शोधू नका

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादी ताई लिहिते, "मिस्टरांची शुगर 350 वर गेली आहे, प्रार्थना करा." खाली आमेनची रांग लागते. आणि संध्याकाळी ताईंना वेगळा मेसेज येतो, "ताई, जय ख्रिस्त. आमच्याकडे एक पावडर आहे, तीन महिन्यांत गोळ्या सुटतात." पाठवणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. तो उपासनेला येतो, दशमांश देतो, दवाखान्यात रात्र काढायला सगळ्यांत आधी तोच उभा राहतो. त्याला कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं की धंद्याची सुरुवात ओळखीच्या शंभर नावांच्या यादीपासून करायची. ही शिकवण ख्रिस्ती माणसानं साफ नाकारली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ऑनलाइन मार्केटिंगबद्दल माझी काही तक्रार नाही. पौल तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3), लुदिया किमती जांभळी वस्त्रं विकत होती (16:14). संभाजीनगरात, जालन्यात, नांदेडला आपली कितीतरी लेकरं आज दुकानांची पेजेस सांभाळून घर चालवतात, आणि ते कष्टाचं काम आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे. विश्वासामुळे आणि मैत्रीमुळे आपल्याला माणसांची जी माहिती मिळते, त्यांचा जो भरवसा मिळतो, तो विक्रीला लावायचा आपल्याला अधिकार नाही. पैसे कमवायला तो दिलेलाच नसतो.

मराठवाड्यात हे जास्त जपावं लागतं, कारण इथल्या मंडळ्या लहान आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं त्या काळापासूनची घराणी एकमेकांत सोयरीक करून आहेत. इथं कोणी कोणाला अनोळखी नाही. एका बाईला विकलेली पावडर म्हणजे तिच्या नणंदेला, व्याह्यांना आणि पाळकांना कळलेली पावडर. औषध लागू पडलं नाही तर ती बाई भांडत नाही, रविवारी दुसऱ्या बाकावर बसायला लागते. वर कायदाही आहे. मधुमेह बरा होतो असा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. आणि त्या मेसेजवर भरवसा ठेवून कोणी खरंच गोळ्या थांबवल्या तर काय होतं, ते कुठल्याही डॉक्टरला विचारा.

मग ओळखीच्यांना काहीच विकायचं नाही का? विकायचं, पण रीतसर. पहिलं काम म्हणजे धंद्याचं सिमकार्ड वेगळं घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा. मंडळी, नातेवाईक, शाळासोबती जुन्या नंबरवरच राहू द्या. मग प्रत्येकाला एकदाच, एकट्याला विचारा: "मी केसर आंबा विकतो. हंगामात दोन वेळा भाव पाठवू का? नको असेल तर उत्तर देऊ नका, मला वाईट वाटणार नाही." गप्प राहिला म्हणजे नाही, असंच धरायचं. जो हो म्हणेल त्याला लेबल लावा आणि त्यांचीच ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही अट उपकारक आहे. ज्याला खरंच हवंय तोच यादीत उरतो. उलट, ग्रुपमधून नंबर उचलून सरसकट मेसेज टाकले की लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, आणि तसे रिपोर्ट वाढले की नंबरच बंद पडतो. असा बंद पडलेला नंबर पुन्हा मिळवताना हंगाम निघून जातो.

मंडळीच्या सभासद रजिस्टरचे नंबर फेसबुकच्या जाहिरात खात्यात चढवून कस्टम ऑडियन्स, म्हणजे नेमक्या त्याच माणसांना जाहिरात दाखवायची यादी, बनवणं हा त्याहून गंभीर प्रकार. अशी यादी चढवताना, ही माहिती वापरायचा हक्क आपल्याकडे आहे, असं आपण मेटाला (फेसबुकच्या कंपनीला) कबूल करत असतो. तो हक्क आपल्याकडे नसतो. नंबर दिला होता तो पाळकभेटीसाठी आणि प्रभुभोजनाच्या निरोपासाठी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्वही हेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरा. धर्मावरून माणसं निवडायची सोय मेटानं जानेवारी 2022 मध्येच काढून टाकली. "तुम्ही ख्रिस्ती आहात का?" असं विचारणारी जाहिरातही त्यांच्या नियमात बसत नाही, "नाताळसाठी केक" चालतो. मला हा नियम योग्यच वाटतो. माणसाचा विश्वास हा गिऱ्हाईक गाठायचा पत्ता होऊ नये.

साखळी योजनांबद्दल थोडक्यात सांगतो. योजना घेऊन येणाऱ्याला एकच विचारा: "नवीन माणूस जोडलाच नाही, फक्त माल विकला, तर महिन्याला किती सुटतील?" याचं उत्तर आकड्यात आलं नाही तर तिथंच थांबा. माणसं जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे, आणि पैसे फिरवणाऱ्या योजनांवर 1978 पासून कायद्यानं बंदी आहे. तरीही त्या मंडळीत शिरतात, कारण तिथं भरवसा आयता तयार असतो. स्टेजवर साक्ष द्यायची पद्धत त्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. पाळकसाहेबांना पहिला सभासद करून घेणं ही त्यांची ठरलेली चाल, आणि पाळकांनी तिथं ठामपणे नाही म्हणायलाच हवं.

आता मैत्रीचं दुसरं अंग: मित्रच गिऱ्हाईक असतो तेव्हा. "आपलंच आहे, बघून घेऊ," या वाक्यानं जितक्या मैत्र्या तुटतात तितक्या खोट्या हिशोबानंही तुटत नसतील. मित्राचं काम एकतर पूर्ण दरानं घ्या किंवा पूर्ण फुकट करा. फुकट असेल तर हद्द आधी ठरवा: महिन्याला चार पोस्ट, प्रत्येक डिझाइनला दोन दुरुस्त्या, मुदत तीन महिने. सूट द्यायची असेल तर ती बिलात दिसू द्या. काम 8,000 रुपयांचं, सवलत 2,000, देणं 6,000. तोंडी सूट दिली की सहा महिन्यांनी त्याला 6,000 हाच तुमचा दर वाटतो, आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला लुटलं.

जाहिरातीचा खर्च आणि आपली मजुरी कधीही एका आकड्यात सांगू नका. रोज 300 रुपयांची जाहिरात महिनाभर चालली तर 9,000 होतात, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,620, म्हणजे एकूण 10,620. आपली मजुरी 4,000 असेल तर ती खाली वेगळ्या ओळीत लिहा. पंधरा हजार उक्ते घ्यायचे आणि जाहिरातीला सहाच लावायचे, हा प्रकार या धंद्यात चालतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका असं म्हटलंय ते याच व्यवहाराला. म्हणून जाहिरातीचं बिल गिऱ्हाईकाच्याच कार्डावरून जाऊ द्या आणि जाहिरात खातं त्याच्याच नावानं असू द्या. आपण फक्त पार्टनर म्हणून जोडून घ्यायचं. पेज आपल्या खात्यातून उघडून द्यायची सवय मोडा. पुढे अबोला झाला की पेज अडकतं, तीन वर्षांचे फोटो, रिव्ह्यू, गिऱ्हाईकांचे मेसेज सगळं अडकतं, आणि साधा गैरसमज दोन घरांचं वैर होऊन बसतो. पेजचा पूर्ण ताबा मालकाच्या घरातल्या निदान दोन माणसांकडे असावा.

मजकूर लिहिताना खरी कसोटी लागते. मत्तय 5:37 मध्ये होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच बोला असं सांगितलंय. जाहिरातीला लावायला याहून सोपा नियम नाही. पैठणचं उदाहरण घ्या. यंत्रमागावरची साडी "अस्सल हातमाग पैठणी" म्हणून चढवा असं दुकानदार सांगतो. पदर उलटून बघा. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, यंत्रमागाच्या पदरामागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. मग साडीखाली स्पष्ट "यंत्रमाग" लिहा आणि उलट्या बाजूचाही फोटो टाका. गिऱ्हाईक कमी येतील, पण परतीचे पार्सलही कमी येतील, आणि परतीचं कुरिअर कोणाच्या खिशातून जातं हे दुकानदाराला माहीत असतं. त्याला पाप-पुण्य सांगत बसू नका. परतीचा हिशोब दाखवा.

लातूरच्या क्लासेसचं तेच. एकच टॉपर तीन फ्लेक्सवर झळकतो. कोचिंगच्या जाहिरातींसाठी केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये नियम काढले. निकाल लागल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घ्यायची, आणि त्यानं कुठला कोर्स केला होता ते जाहिरातीत सांगायचं. फक्त टेस्ट सिरीज लावलेल्या मुलाला दोन वर्षांचा विद्यार्थी म्हणून मिरवायचं नाही. डिझाइन करणाऱ्यानं संमतीपत्राचा फोटो मागून घ्यावा आणि मगच पोस्टर करायला बसावं. "फक्त 3 जागा शिल्लक" हेही खरं असेल तरच. खोटी घाई दाखवणं 2023 पासून डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, सरकारी यादीत आहे. केसर आंब्याचा हंगाम जूनमध्ये संपतो, तिथं "शेवटचा आठवडा" म्हणायला हरकत नाही, कारण तो खरंच शेवटचा असतो.

रिव्ह्यूच्या बाबतीत मंडळीतली चांगली माणसंही घसरतात. "आपल्या दादाचं नवीन दुकान आहे, सगळ्यांनी पाच स्टार द्या," असा निरोप रविवारी फिरतो आणि दुकानाची पायरी न चढलेली वीस माणसं स्टार देतात. ही खोटी साक्षच आहे, प्रेमानं दिली म्हणून खरी होत नाही. एकगठ्ठा आलेले असे रिव्ह्यू गुगल काढूनही टाकतं. ज्यानं खरंच खरेदी केली त्याला दोन दिवसांत लिंक पाठवा, किती स्टार द्यायचे ते सांगू नका, बदल्यात सूटही देऊ नका.

सणांचा प्रश्न नेहमी येतो: नवरात्राच्या, दिवाळीच्या पोस्ट ख्रिस्ती माणसानं बनवाव्यात का? माझ्या मते बनवाव्यात. त्या शुभेच्छा दुकानदाराच्या असतात आणि त्याच्या सणाचा मान राखून काम करणं हा शेजारधर्म आहे. ज्याचं मन तयार होत नाही त्यानं करार करतानाच तसं सांगावं. तुळजापुरातल्या गिऱ्हाईकाला घटस्थापनेच्या आदल्या रात्री नाही म्हणणं हा दगा आहे. जुगाराच्या ॲपला मात्र सरळ नकार द्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात 2025 च्या कायद्यानं गुन्हाच ठरवली आहे.

रविवार मोकळा ठेवता येतो, फक्त तयारी शनिवारी दुपारी करावी लागते. पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवा. जाहिरात बूस्ट बटणावरून न करता ॲड्स मॅनेजरमधून करा. लाइफटाइम बजेट, म्हणजे जाहिरातीच्या पूर्ण मुदतीचा एकच आकडा, निवडलं की कोणत्या दिवशी, किती वाजता दाखवायची ते ठरवता येतं. रविवारी सकाळी जाहिरात बंद ठेवली तर मेसेजही थांबतात. व्हॉट्सॲप बिझनेसला आपोआप जाणारा निरोप लावा: "आज सुट्टी, सोमवारी 10 वाजता उत्तर देतो." लग्नसराईत दुकानदार कुरकुरतो. त्याला करारातच सांगा की रविवारी फक्त पेज हॅक झालं किंवा भाव चुकीचा छापला गेला तरच फोन करायचा.

मंडळीचं पेज सांभाळायची सेवा मिळाली तर दोन गोष्टी जपा. बाप्तिस्म्याचे फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नका. त्याच्या घरी किंवा गावात अजून माहीत नसेल, तर एका फोटोची किंमत तो भोगतो. आणि नाताळात कपडे-खाऊ घेणाऱ्या गरीब लेकरांचे चेहरे दाखवून देणग्या मागू नका.

याच धंद्याची सवय सुवार्तेतही शिरते, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते. मित्रांची यादी, कोण "तयार" आहे, कोणाचा फॉलोअप कधी, किती जणांना सभेला आणलं. शेजारच्या मित्राच्या आईला दवाखान्यात डबा न्यायचा तो ती आजारी आहे म्हणून. तो उद्या सभेला आला नाही तरी डबा न्यायचाच. त्यानं विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणानं सांगा, विचारलं नाही तरी मित्र राहा.

मंडळीच्या पंचकमिटीनं पुढच्या बैठकीत ग्रुपसाठी एवढाच नियम करावा: प्रार्थना विनंतीच्या ग्रुपवर विक्री नाही, आणि विनंती वाचून त्या कुटुंबाला कुठल्याही मालाचा, विम्याचा, औषधाचा मेसेज करायचा नाही. धंद्याच्या जाहिरातींसाठी वेगळा ग्रुप काढावा, त्यात ज्याला हवं त्यानं लिंकवरून स्वतः यावं, कोणी कोणाला परस्पर जोडू नये. नियम मोडला तर ॲडमिननं पहिल्यांदा फोन करून समजवावं, दुसऱ्यांदा ग्रुपमधून काढावं, मग तो पाळकांचा भाऊ का असेना.