ॲपमध्ये नर्व्ह पिवळी असते, टेबलावर नसते

पुण्यात एमपीटी (फिजिओथेरपी), एमएस (शस्त्रक्रिया), बायोमेडिकलचं एमटेक असे पीजीचे म्हणजे पदव्युत्तर प्रवेश झाले की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो. सार असं: बेसिक ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) आता घरबसल्या होते, थ्रीडी ॲपमध्ये मृतदेहापेक्षा स्वच्छ दिसतं, शरीररचना सगळ्यांची सारखीच, देह तर मिळतच नाहीत, आणि ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र पदवीच्या तोडीचं.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत वैद्यक आणि फिजिओथेरपीच्या पदव्या ऑनलाइन द्यायला मुभाच नाही. प्रमाणपत्र बायोडेटात लिहा, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

‘ॲपमध्ये स्वच्छ दिसतं.’ दिसतं, आणि गोची तिथेच आहे. धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह (मज्जातंतू) पिवळी हे रंग चित्रकाराच्या सोयीचे. विच्छेदनाच्या टेबलावर, फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात मुरलेल्या देहात तिन्ही मळकट. तिथे ओळख बोटांनी पटते. चिमटीत धरून घोळवा: धमनीची भिंत जाड, दाबून सोडली की पुन्हा गोल होते, शीर पातळ, चपटी, आत बहुधा गोठलेलं काळपट रक्त, नर्व्ह भरीव दोरीसारखी.

काखच घ्या. ॲपमध्ये दोन टिचक्यांत पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर हे छातीचे स्नायू गायब, ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं समोर हजर. टेबलावर मेजर कापून बाजूला करायचा, मायनर बरगड्यांपासून सोडवून कोरॅकॉइडकडे (खांद्याच्या हाडाच्या टोकाकडे) उलटायचा. मग लागतो चरबी, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) आणि शिरांच्या बारीक फांद्यांचा लगदा. त्या फांद्या काढल्याशिवाय पुढचं दिसत नाही, आणि घाईने कापल्या तर दंडाची मीडियल क्युटेनियस (त्वचेकडे जाणारी) नर्व्हही त्यांच्यासोबत जाते. म्हणून कात्री मिटलेली आत घालायची आणि आत गेल्यावर उघडायची. ऊती कापल्या न जाता सुट्या होतात. सुरुवात वरून, कॉर्डपासून (जाळ्याच्या जाड दोऱ्यांपासून) करू नका, फसाल. कोरॅकोब्रेकियालिस या दंडाच्या स्नायूत घुसणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह आधी शोधा. ती, मीडियन नर्व्हची दोन मुळं आणि अल्नार नर्व्ह मिळून धमनीपुढे इंग्रजी ‘एम’ बनतो. तो सापडला की उलटं कॉर्डपर्यंत जाता येतं. कुठला थर कुठे सहज सुटतो आणि कुठे चिकटून राहतो, हे ॲपमधलं थर लपवणारं ‘हाइड’चं बटण शिकवत नाही.

‘सगळ्यांची रचना सारखीच.’ आत्ताच अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित वाकवा. मधोमध दोरी उठली तर तो पामारिस लाँगस या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). बऱ्याच जणांच्या एका किंवा दोन्ही हातांत तो नसतोच. कार्पल टनेलमध्ये (मनगटातल्या बोगद्यात) इंजेक्शन देताना सुई सहसा याच कंडऱ्याच्या करंगळीकडच्या बाजूने घालतात, मीडियन नर्व्ह वाचावी म्हणून. कंडराच नसला तर खूण दुसरी शोधावी लागते. ॲपमधल्या माणसाला मात्र तो कायम असतो.

‘देह मिळत नाहीत.’ महाराष्ट्रात १९४९ पासून शरीररचना कायदा आहे, त्यानुसार बेवारस आणि दान केलेले देह महाविद्यालयांना मिळतात. पुण्यात ससूनशेजारच्या बी. जे. मेडिकलमध्ये देहदान स्वीकारतात. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, कारण कापलेल्या रक्तवाहिन्यांतून एम्बामिंगचं (देह टिकवण्याचं) द्रावण गळून जातं, सगळीकडे पोहोचत नाही आणि तेवढा भाग सडतो.

उलट टोकाला जाऊन ‘ऑनलाइन म्हणजे थोतांड’ म्हणणाऱ्यांचंही खरं नाही. भ्रूणाच्या घड्या कशा पडतात, मेंदूतले मार्ग कुठे ओलांडतात, हे टेबलावर दिसत नाही, ॲनिमेशनमध्ये दिसतं. हिस्टॉलॉजीची (ऊतींच्या सूक्ष्म रचनेची) स्लाइड स्क्रीनवर हवी तितकी मोठी करता येते. सीटी स्कॅन तर स्क्रीनवरच शिकावा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की आडवा छेद आपण रुग्णाच्या पायाकडून पाहतो, म्हणून यकृत डाव्या हाताला येतं. पहिल्या आठवड्यात निम्मी उत्तरं याच एका गोष्टीपायी चुकतात.