तरंगा हलून राहिला, नंतर बोलतो

धानाचा चुकारा अडकलेला, ट्रॅक्टरचा हप्ता तोंडावर, पोराची भरती पुन्हा लांबलेली, शेतातल्या मोटरची लाइन रात्री येणार आणि उजाडायच्या आत जाणार. अशा माणसाला आमच्या भंडारा-गोंदियाकडे कोणीतरी हमखास सल्ला देतो, "तलावावर गरी टाकून बसा जी, डोकं शांत होते." सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी गरी टाकलेली नसते. टाकली असती तर त्याने पोथी वाचायला सांगितलं असतं.

तरी सल्ला अगदीच खोटा नाही. डोकं हलकं होतं, पण त्यात शांततेचा काही वाटा नाही. सकाळपासून थर्माकोलच्या एका तुकड्यावर संतापलेल्या माणसाकडे चुकाऱ्यावर संतापायला ताकद उरत नाही, एवढंच. ज्यांना हा सौदा मंजूर असेल त्यांनी पुढे वाचावं.

पहिला ताप पाण्याचाच. पूर्व विदर्भात तलावांना तोटा नाही. कोहळ्यांनी आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव, त्यांच्या खाली बोड्या (छोटी तळी), बोड्यांखाली धानाच्या बांध्या. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. म्हणून कोणीही भाच्याने यावं आणि गरी टाकावी असं नसतं. तलावाची मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते आणि आतला मासा ढिवर बांधवांनी पैसे मोजून सोडलेला असतो. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत; त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला कटकच्या शास्त्रज्ञांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी मिळवली, तेव्हापासून बीज केंद्रातून येतं. आधी मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटुकली (ही वाढत्या पिलांची नावं), मग टेम्पो. म्हणजे तुमच्या गळाला लागणाऱ्या प्रत्येक रोहूच्या मागे एक इंजेक्शन आणि एक बिल उभं आहे. आदल्या दिवशी संस्थेच्या माणसाला भेटावं, किती गऱ्या आणि कोणता काठ ते ठरवून घ्यावं. न विचारता बसलात तर पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जी बाचाबाची होईल, तिच्यापुढे घरचं टेन्शन बरं वाटेल.

काठीसाठी शहरातून फोल्डिंगची रॉड मागवू नये. मागवली तर गावातला प्रत्येक माणूस ती उघडून-मिटून बघतो आणि तिसऱ्या माणसाच्या हातात तिचं टोक मोडतं. आपला मानवेल बांबू चांगला. तो जवळजवळ भरीव असतो, वाकतो पण फुटत नाही. कटांग पोकळ आणि काटेरी, त्याच्या वाट्याला जाऊ नये. हिवाळ्यात तोडलेला, दहा-बारा फुटांचा, बुडाशी अंगठ्याएवढा आणि टोकाला करंगळीहून बारीक असा निवडावा. हिवाळ्यातच तोडायचा, कारण तेव्हा बांबूत पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. महिनाभर सावलीत आडवा वाळवावा. उन्हात वाळवला की चिरतो, भिंतीला टेकवला की धनुष्य होतं. वाकडा झालाच तर गाठीजवळ विस्तवावर शेकून सरळ करता येतो, फक्त त्या वेळी घरातल्या कोणी "आमच्या कामाला कधी एवढी मेहनत घेतली का?" असं विचारलं तर उत्तर देऊ नये.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, काठीच्या लांबीएवढीच घ्यावी. जास्त लांब तंगुसाने मासा दूरचा मिळत नाही, बेशरमाच्या झुडपाची फांदी मिळते. दीड-दोन किलोच्या रोहूला 0.30 मिलिमीटरची तंगूस पुरे. जाड घेतली तर पाण्यात कडक उभी राहते आणि मासा आमिष ओढून घेताना बिचकतो. गळ 6 ते 8 नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो, ही उलटी रीत लक्षात न ठेवल्याने बरेच लोक 12 नंबर आणून मगरीची वाट पाहत बसतात. धार नखावर बघावी: टोक नखावर घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. गाठ मारताना पाच-सहा वेढे द्यावेत आणि आवळण्याआधी थुंकीने ओले करावेत. कोरडी आवळली की घासून तंगूस तापते, कमजोर होते आणि बरोबर मोठ्याच माशाच्या वेळी सुटते. लहान मासा कधी गाठ तोडून जात नाही.

तरंग्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा फुकट मिळतो, पण तो हळूहळू पाणी पितो आणि आपोआप खाली जायला लागतो. मासा ओढतो आहे असं समजून माणूस झटके मारत सुटतो. थर्माकोल बरं. शिशाच्या गोळ्या इतक्या लावाव्यात की तरंगा उभा राहून बोटभरच वर दिसेल. हातभर वर राहिला तर माशाला तो ओढायला जड जातो आणि तो आमिष टाकून देतो. खोली मोजायला गळात तेवढ्यापुरतं जास्तीचं शिसं अडकवून पाण्यात सोडावं. तरंगा बुडाला तर पाणी अजून खोल आहे, तरंगा वर सरकवा. आडवा पडला तर तंगूस जास्त झाली, खाली आणा. आमिष तळाला जेमतेम टेकलं पाहिजे, कारण मृगळ तळाशी चरतो आणि रोहूही या आमिषाला तिथेच येतो. कतल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. तो हवा असेल तर सगळं गणित पुन्हा मांडा. मरळीला तर पीठच चालत नाही, तिला वळवळणारं काही लागतं. शिवाय ती हवेत श्वास घेते. पिशवीत घालून निश्चिंत व्हाल आणि थोड्या वेळाने ती गवतातून तलावाकडे परत निघालेली दिसेल.

आता आमिष. माणसाचा खरा कस इथे लागतो. शेंगदाण्याची ढेप 200 ग्रॅम, तव्यावर भाजून कुटलेली; भाताचा बारीक कोंडा 200 ग्रॅम; कणिक 100 ग्रॅम; हिंग चिमूटभर. पाणी शिंपडत शिंपडत मळायचं. कणिक जास्त झाली तर गोळा चिवट होतो, गळाचं टोक त्यातच अडकतं आणि मासा चाखून निघून जातो. कोंडा जास्त झाला तर गरी फेकतानाच गोळा सुटून बाजूच्या माणसाच्या डोक्यावर पडतो. गळावर वाटाण्याएवढीच गोळी लावावी. जागेवर मासे जमवायला आधी लिंबाएवढे चार-पाच गोळे टाकावेत, त्याहून जास्त नाही. पंगतीत जेवून तृप्त झालेला मासा तुमच्या गोळीकडे बघत नाही. ढेप घेताना दुकानदाराला नीट विचारा. मोहाच्या बियांच्या ढेपेत सॅपोनिन असतं, त्याने मासे मरतात. नको असलेले मासे काढायला ती मुद्दाम तळ्यात टाकतात. ती चुकून तलावात गेली तर तुम्हाला शांतता मिळेल, पण गावात राहता येणार नाही.

आणि सर्वात अवघड अट : खर्रा घोटलेल्या हाताने आमिष मळायचं नाही. रोहू-मृगळासारखे कार्प जातीचे मासे वासावर आणि चवीवर चालतात, मृगळाच्या ओठाजवळच्या मिशाही चव घ्यायलाच असतात. तंबाखू-चुन्याचा वास लागलेली गोळी ते सोडून देतात असा जुन्या माणसांचा पक्का अनुभव आहे. आमच्याकडे ही अट पाळू शकणारा माणूस अजून सापडायचा आहे. एक तोडगा आहे : डाव्या हाताने खर्रा, उजव्याने आमिष. अर्ध्या तासात दोन्ही हात सारखे होतात, पण निदान सुरुवात शास्त्रोक्त होते.

वेळेबद्दलही एक गैरसमज आहे. "पहाटे जा, पहाटे मासा लागतो." उन्हाळ्यात, पाण्यात शेवाळ दाटलं असताना पहाटे जाण्यात काही अर्थ नाही. रात्रभर वनस्पती आणि मासे दोघेही प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत असतात. बघणाऱ्याला वाटतं, भुकेले आहेत! ते श्वासासाठी धडपडत असतात. ऊन पडून दोन तास झाले की खातात. डिसेंबर-जानेवारीत तर दुपारीच जावं; गार पाण्यात या माशांचं पचन मंदावतं, भूक कमी होते. वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ धरावा, खाणं तिकडे जमतं. सूर्य समोर असावा, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. डोळे दिपतील, डोकं दुखेल. पण आपण आराम करायला आलो आहोत हे विसरू नये.

इतकं सगळं जमवून बसलं की पारीवरून पहिला प्रेक्षक येतो. "काय करून रायले काकाजी?" हातात गरी आहे, समोर पाणी आहे, तरी विचारतो. "लागली का जी मासोयी?" नाही म्हटलं की तो बाजूला उकिडवा बसतो. "काहून बसले जी येथं? तुडुमाजवळ बसा." तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीजवळ, गेलं की तिथे दुसरा असतो, तो सलंगाकडे, म्हणजे जादा पाणी वाहून जातं तिकडे, पाठवतो. तुडुमाजवळ पाणी खोल असतं हे खरं, पण तळाशी दगड आणि लाकडं असतात. दर दोन फेकींत एक गळ तिथे जमा होतो. तिसरा येतो तो त्याच्या मामसासऱ्याने धरलेल्या मरळीची लांबी हाताने दाखवतो. हात पुरत नाही, म्हणून दुपट्टा ताणून दाखवतो. त्यांना गप्प बसवायची गरज नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परतून जातो, माशाला तो फारसा कळत नाही. पाय आपटले, बादली दगडावर ठेवली की हादरा जमिनीतून पाण्यात जातो आणि मासा पळतो. म्हणून बोलणाऱ्याला बोलू द्यावं, उठणाऱ्याला उठू देऊ नये. फोनवर बोलल्यानेही मासा पळत नाही, ही बातमी मात्र घरी पोहोचू देऊ नका. "तरंगा हलून राहिला, नंतर बोलतो," हे वाक्य फार उपयोगाचं आहे.

तरंगा खरंच हलला की तो कसा हलतो ते वाचायचं. टुकटुक, टुकटुक आणि थांबला: चिल्लर मासे गोळी टोचत आहेत, झटका मारू नका, गोळी बदला. हळूहळू एका बाजूला सरपटत गेला आणि मग काहीच नाही: खेकडा. उभा तरंगा आडवा पडला: मृगळाने तळावरून आमिष उचललं, शिशाचं वजन गेलं; हीच वेळ. दोन बारीक धक्के आणि तिरका सरकत पाण्याखाली: रोहू. संथपणे, घाई न करता खाली गेला तर बहुधा कासव. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ओढाताण न करता तोंडाजवळ तंगूस कापून सोडून द्यावं. प्रेक्षकांपैकी कोणी पिशवी उघडत असेल तर तीही मिटायला लावावी.

झटका मनगटाचा हवा, खांद्याचा नको. खांद्याने मारलेला झटका माशाचा ओठ फाडतो, किंवा गळ सुटून मागे उभ्या असलेल्याच्या शर्टात अडकतो. गळ बोटात उलट्या काट्यापर्यंत रुतला तर मागे ओढू नये, मांस फाटतं. तंगूस कापून, गळ तसाच ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. तिथेही विचारतात, "मासोयी लागली का?"

मासा लागला तर काठी उभी धरून तिला वाकू द्यावं, मासा तिच्याशी भांडून दमतो. तो काठाशी आला, कुशीवर पडला, की नवा माणूस तंगूस धरून त्याला वर उचलतो. नेमकं तेच करायचं नाही. पाण्यात त्याचं वजन जाणवत नाही, हवेत पूर्ण दीड किलो तंगुसावर आणि ओठावर येतं. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवावी आणि मासा डोक्याकडून तिच्यात ओढावा. जाळी माशाच्या मागे पळवली की ती गळात अडकते आणि मासा जाळीबाहेरून निरोप घेतो. मिळालेला मासा ओल्या पोत्यात सावलीला ठेवावा. पोट आणि कल्ले लवकर साफ करावेत, उन्हाळ्यात तेच आधी सडतात. पाण्यात टांगून ठेवला तर पाणदिवड येते. ती बिनविषारी असते, पण मासा तिचाच होतो.

राहिला प्रश्न रिकाम्या हाताने परतण्याचा. वाटेत बाजारातून मासा विकत घेणं हा जुना उपाय आहे आणि तो जुन्या काळीच चालत होता. आता घरी तज्ज्ञ बसलेले असतात. गळाच्या माशाच्या ओठाला भोक असतं. जाळ्यातल्या माशाच्या अंगावर सुताचे वळ आणि निघालेले खवले असतात. ताज्या माशाचे कल्ले लालभडक, डोळे फुगीर. शिळ्याचे कल्ले तपकिरी आणि डोळे खोल. ओठाला भोक पाडून घेता येतं, खवल्यांचं कारण सांगता येतं. पण दुकानात उरलेला शेवटचा कतला बहुधा आंध्रातून पेटीत आलेला असतो आणि पिशवीच्या तळाशी पाणी साचत असतं. चुलीजवळून पिशवीत हात जातो, बोटं झटकली जातात.

"काहून जी, मामा तलावात आज बर्फ पडला का?"