‘त्यांना विचारून काय उपयोग?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मजकूर परवा तिसऱ्यांदा येऊन पडला. त्यात म्हटलंय: ‘स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला वास्तवाचं भान नसतं, त्यामुळे आयुष्य कसं चाललंय हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. घरच्यांना विचारा. भास थांबले की आयुष्य सुधारलंच. बाकी सुख काही मोजता येत नाही.’ खाली जोडलेले हात. माझा दादा बावीस वर्षं या आजारासोबत राहतोय, म्हणून एकेक वाक्य घेते.

आधी ते भान. शेजारी पाळत ठेवतात असं ठामपणे म्हणणाऱ्या माणसालाही रात्री झोप लागली की नाही, हे नीट सांगता येतं. आजार भडकलेला असताना कुणी प्रश्नावली पुढे करू नये, हे कबूल. पण कॅनडात वोरुगंती आणि सहकारी संशोधकांनी स्थिरावलेल्या रुग्णांची स्वतःच्या आयुष्याबद्दलची उत्तरं काही आठवडे पुन्हा पुन्हा घेतली. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं, की ती सुसंगत आणि भरवशाची आहेत.

‘भास थांबले की सुधारलंच.’ दादाचे आवाज थांबले तेव्हा आम्ही पेढे वाटले. तो मात्र दिवसभर घरात येरझारा घालायचा, कारण गोळीने पाय एका जागी ठरत नव्हते. आम्ही त्याला फिरायची आवड म्हणत होतो! रुग्ण स्वतःच्या आयुष्याला जे गुण देतात, त्यांचा संबंध भासांपेक्षा उदासीशी जास्त असतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. भास गेल्यावर मागे राहिलेली उदासी घरच्यांच्या नजरेतून सहज सुटते.

राहिलं ‘घरच्यांना विचारा’. मी तर घरचीच आहे. आयुष्य कसं चाललंय हे विचारणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. ती आम्ही दोघांनी वेगवेगळी भरली. मी त्याच्या वतीने. ‘गरजेपुरते पैसे आहेत का?’ इथे मी ‘पुरेपूर’ लिहिलं. त्याने ‘अजिबात नाही’.

“अरे, मागशील तेव्हा देते की मी!”

“हो, पण मागावे लागतात ना.”

डॉक्टरांनी मुलाखत घेऊन गुण द्यायच्याही मोजपट्ट्या असतात. हाइनरिक्स आणि सहकाऱ्यांची १९८४ची पट्टी प्रसिद्ध आहे, २१ मुद्द्यांची. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: रोजच्या वापरातल्या वस्तू माणसाकडे आहेत का? पाकीट, घड्याळ, किल्ली. मी मनातल्या मनात दादाचे खिसे तपासले. रुमाल होता. बस. पन्नाशीच्या माणसाकडे स्वतःच्या घराची किल्ली नव्हती, आणि ती न देणारी मीच होते, काळजीपोटी.

रुग्णाच्या उत्तरातही मेख असते, हे लपवत नाही. अपेक्षाच आक्रसल्या की माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतो. उलट आजाराची जाणीव वाढली की गुण कधीकधी घसरतातही. म्हणून रुग्णाचं स्वतःचं आणि बाहेरून केलेलं, अशी दोन्ही मोजमापं ठेवावीत. त्यांत अंतर पडलं, तर तिथेच बसून बोलायचं असतं.

‘मोजता येत नाही’ यावर फार लिहीत नाही. वरची प्रश्नावली ज्या मूळ लांब प्रश्नावलीतून काढली, ती जगभरच्या पंधरा केंद्रांतून घडली, त्यांत दिल्ली आणि चेन्नईही होती. मात्र चाळीस टक्क्यांचा अपंगत्वाचा दाखला म्हणजे हे मोजमाप नव्हे. त्या दाखल्यासाठी आपल्याकडे वापरतात त्या ‘आयडियाज’ पट्टीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद व समज आणि काम हे पाहतात. किती अडतं ते त्यातून कळतं. कसं वाटतं ते नाही.

पुण्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. दादाला दोन्ही शब्द जड वाटतात. किल्ली मात्र आता त्याच्याकडे असते. आत्तापर्यंत दोनदा हरवली. दोन्ही वेळा कुलूप बदललं, आणि नवी किल्ली करून आणायला तोच गेला.