‘भुसावळ साडेअकरालाच झोपतं’ या अभिप्रायाला उत्तर

भाऊ, नमस्कार. शनिवारी रात्री तुम्ही मित्रांना घेऊन आमच्याकडे आलात आणि दुसऱ्या दिवशी एक स्टार दिलात. तुमचं म्हणणं असं : पावणेअकराला बसलो, अकराला ‘लास्ट ऑर्डर’ म्हणत वेटर डोक्यावर उभा, साडेअकराला सगळे लाइट लावून उठवलं. टेबलावर सिगारेट ओढू दिली नाही, ॲशट्रे दिला नाही, हुक्का तर नाहीच. पुण्यात दीडपर्यंत कोणी हलवत नाही, भुसावळ काही सुधारणार नाही.

वेळेबद्दलचा तुमचा राग मला पटतो, कारण तोच माझाही आहे. माझ्याकडे जो एफएल-3 परवाना (ग्राहकाला बसवून दारू देण्याचा) आहे, तोच पुण्या-नाशिकच्या परमिट रूमकडे आहे. पण तिथे पोलीस आयुक्तालय आहे म्हणून रात्री 1:30 पर्यंत मुभा, आणि आयुक्तालयाबाहेर 11:30. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत येतात. म्हणजे अख्ख्या खान्देशाला साडेअकरा.

आता आपल्याकडचा उन्हाळा बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रात्री आठलाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. माणूस घराबाहेर पडतो तोच नऊनंतर. त्यात हे रेल्वेचं गाव. रात्री दहाला ड्युटी सुटलेला माणूस घरी जाऊन, आंघोळ करून येईपर्यंत आमची शेवटची ऑर्डर घ्यायची वेळ झालेली असते. त्याने दोन घास निवांत खायचे कधी?

आणि साडेअकराला उठवलेली मंडळी सरळ घरी जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हायवेला चक्कर मारावी. डिकीत बाटली, बॉनेटवर ग्लास, शेजारून सुसाट जाणारे ट्रेलर. आमच्याकडे कोणाला जास्त झाली की वेटर ग्लास भरणं थांबवतो, बाइकची चावी काउंटरला ठेवून घेतो, रिक्षा बोलावून देतो. हायवेच्या कडेला हे कोण करणार? नाताळात आणि 31 डिसेंबरला शासन आम्हालाही पहाटे 5 पर्यंत परवानगी देतं. त्या रात्री हे गाव सांभाळता येतं, तर उन्हाळ्यातल्या शनिवारी एक वाजेपर्यंत का नाही? हा प्रश्न मी संबंधितांपुढे मांडत आलोय आणि मांडत राहणार.

पण नियम बदलेपर्यंत शटर साडेअकरालाच पडेल. पुढचं शटर पाडून मागच्या दाराने चालू ठेवणं मला जमणार नाही. परवान्यावर केस झाली की हॉटेल बंद, आणि त्यावर किचनपासून काउंटरपर्यंत सगळ्यांची घरं चालतात. अकरानंतर खायचं काही मागवलंत तर पार्सल बांधून देतो, तेवढं आमच्या हातात आहे. आता दुकानं, खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवता येतात हे खरं, पण मद्य देणाऱ्या जागांना ती सवलत नाही. त्यामुळे साडेअकरानंतर तुम्हाला नुसती शेवभाजी खात बसा असंही मी म्हणू शकत नाही.

सिगारेटच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने अजिबात नाही. 2003 चा तंबाखूविरोधी कायदा आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासून हॉटेलात धूम्रपानाला बंदी आहे. ॲशट्रे टेबलावर ठेवणं हाच मुळात नियमभंग. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड आहे आणि मी डोळेझाक केली तर मलाही. तीस किंवा त्याहून जास्त लोक बसतील अशा ठिकाणी वेगळी, बंदिस्त खोली करता येते, पण तिथे खाणंपिणं देता येत नाही, म्हणून मी ती केली नाही. हुक्क्याचं म्हणाल, तर मुंबईत कमला मिल्सच्या आगीत 14 जीव गेले, त्यानंतर 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. ती योग्यच आहे.

उद्या सरकारने सिगारेटची बंदी उठवली तरी माझ्या हॉलमध्ये ती पेटणार नाही. एसीचा बंद हॉल आहे, पलीकडे फॅमिली सेक्शन, मध्ये एक काचेचं दार. वेटर ट्रे घेऊन आत-बाहेर करतो तेव्हा दरवेळी ते दार उघडतं, धूर सरळ लेकराबाळांच्या ताटावर. आमच्याकडे एक जुने वेटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. जन्मात बिडीला हात लावला नाही या माणसाने. पण जुन्या काळी, हॉल धुराने भरलेला असायचा तेव्हा, घरी गेल्यावर काकू त्यांना अंगातला शर्ट ओट्यावरच काढायला लावायच्या, त्यांच्या खोकल्याने घरातलं कोणी झोपत नसे. ग्राहक दोन तास बसतो आणि जातो. वेटर त्याच हवेत रोज दहा तास असतो. तुम्हाला सिगारेट ओढायचीच असेल तर बाहेर पडून, दारापासून लांब जाऊन ओढा, तुमचं टेबल कोणी उचलणार नाही.

शेवटचं. तुम्ही वेटरला ‘उर्मट’ लिहिलंय आणि त्याचं नावही टाकलंय. त्याने ॲशट्रे नाकारला तो माझ्या सांगण्यावरून, अकराला ऑर्डर विचारली तीही माझ्याच सांगण्यावरून. तो रावेरकडच्या खेड्यातला पोरगा आहे, त्याच्या घरचेही हे वाचतात. स्टार एकच राहू द्या, त्याचं नाव तेवढं काढा, ही विनंती.